तांब्याची गोळी आणि लाल ठिपका

२० ऑक्टोबर, रविवार
आभाळ भरलेलं. वारा सरोवराकडून. रस्ते कोरडे.

बर्फ ढकलायच्या गाडीवर एकतीस वर्षं काढली. रोज नोंदवहीत आधी हवामान लिहायचं आणि मग बाकीचं, अशी रस्ते खात्याची शिस्त होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सवय जात नाही. फरक एवढाच की आता ‘बाकीचं’ मनासारखं लिहिता येतं.

आज बाकीचं भरपूर आहे. लिनेट ओयालाने डोकं फिरवलंय.

ही बाई गावातली हरणं कापते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दुकान एकटी चालवते, आणि देवा क्षमा कर, त्याच्यापेक्षा चांगलं चालवते. नोव्हेंबरात अर्ध्या गावाची शिकार तिच्या थंड खोलीत टांगलेली असते. चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांचं वार्षिक जेवण होतं, त्याचं मोठं पातेलंही तिच्याच ताब्यात. आज प्रार्थना झाल्यावर सगळे कॉफी पीत होते, तर ही खुर्चीवर चढली आणि म्हणाली, “यंदा शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण माझ्या पातेल्यात पडणार नाही. तांब्याच्या गोळ्या घ्या, नाहीतर बटाटे खा.”

माझा मामेभाऊ डेनिस गप्प बसणाऱ्यातला नाही. “आणि तांबं नाही परवडलं तर? हरणांना गुदगुल्या करून मारू का?”

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

“पेल्टो, तू हसू नकोस,” ती वरूनच म्हणाली. “उद्या दुकानात ये. तुला काहीतरी दाखवायचंय.”

उद्या जाणार नाही. मला माझी कामं आहेत.

२१ ऑक्टोबर, सोमवार
रिमझिम. रस्ते ओले.

गेलो. दाढी करून गेलो, कारण ती आज करायचीच होती.

तिने खिडकीच्या काचेवर एक एक्स-रे चिकटवला होता. गेल्या वर्षीच्या जेवणातला खिम्याचा एक पुडा तिच्या फ्रीजरमध्ये उरला होता. तो तिने शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी एका लंगड्या कुत्र्यानंतर या पुड्याचाही फोटो काढून दिला. काळ्यावर पांढरे कणच कण. रात्री गाडीच्या दिव्यांत बर्फ भुरभुरताना मी जन्मभर पाहिलाय, अगदी तसं दिसत होतं.

“हाडाचा चुरा असेल,” मी म्हणालो.

“हाड असं चमकत नाही. हे शिसं. गोळी आत गेली की फुटते, आणि तिची पूड जखमेपासून हातभर लांब पसरते. डोळ्याला दिसत नाही, दाताखाली येत नाही. मी ते मांस दळते, म्हणजे एका हरणातलं शिसं सगळ्या पातेल्यात.”

“मी मांस स्वच्छ धुऊन आणतो.”

“धुतलं की आणखी पसरतं.”

“आई सिरक्यात मुरवायची.”

“आंबटात शिसं विरघळतं. म्हणजे पोटात जायला आणखी सोपं.”

“माझी आई हेच खाऊन ऐंशी वर्षं जगली, लिनेट.”

“तुझी आई नशिबाची होती. पातेल्यातलं पहिलं कुणाला वाढतात, आठवतंय ना? लहान मुलांना. शिसं त्यांच्या डोक्याला बाधतं, मोठ्यांपेक्षा लवकर.”

मी काहीतरी ठणकावून सांगणार होतो, तेवढ्यात तिने तो पुडा उलटा केला. मागे तिच्याच अक्षरात चिठ्ठी: ‘पेल्टो कॅम्प. पहिलं हरीण.’

माझं हरीण. आमच्या कॅम्पची, म्हणजे रानातल्या शिकारीच्या खोपटाची, आजोबांपासूनची रीत आहे, मोसमातलं पहिलं हरीण चर्चच्या पातेल्यात. गेल्या वर्षी ते मी पाडलं आणि डाव घेऊन पोरांना वाढलंही मीच. चाळीसेक पोरं तरी होती. एकाला तर ‘खा, खा, शिकारी व्हायचंय ना’ म्हणून आग्रह केला होता.

मी निसू खात बसलो. वेलदोड्याची वेणी घातलेली पावरोटी ती दर सोमवारी करते. तीन तुकडे खाल्ले.

“तुझं सगळ्याला उत्तर तयार असतं,” निघताना मी म्हणालो.

“बावीस वर्षं मांस कापतेय. तुझ्यासारखी रस्त्यावरचा बर्फ नाही ढकलत.”

आजोबांनी उभा जन्म याच डोंगराखाली खाणीत तांबं खणलं, आणि आता ही बाई मला तांबं शिकवणार.

२६ ऑक्टोबर, शनिवार
पहिला बर्फ. पाऊण इंच. टिकला नाही.

कॅम्पवर सरपण फोडलं. आम्ही तिघेच उरलोय: मी, डेनिस आणि त्याचे वडील, म्हणजे माझे आर्विडमामा. वय चौऱ्याऐंशी. मचाणावर चढत नाहीत, पण शेगडीजवळ बसून सगळ्यांना हुकूम सोडतात.

शेगडीमागच्या भिंतीवर शेपटांची रांग आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट तिथल्या तिथे कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि खिळा मारायचा. डेनिसची अकरा आहेत. मामांची सहा. पेल्टो नावाचं एकही नाही. वडिलांचं नाही, आणि एकोणपन्नास मोसमांत माझंही नाही. वडील मला पहिल्यांदा इथे घेऊन आले तेव्हा भिंतीसमोर उभं करून म्हणाले होते, “बघ. यात आपण नाही.” तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. अजून ती भिंत बघितली की छाती फुगते. खोटं कशाला लिहू.

भिंतीच्या मधोमध ट्राउट माशाचं एक जुनं कॅलेंडर आहे, एकोणसाठ सालचं. मी ते काढून चुलीत घालणार होतो. मामा ओरडले, “त्याला हात लावू नकोस! तो खिळा निघाला तर भिंत येईल खाली.” म्हातारपणी माणूस कशात जीव अडकवेल सांगता येत नाही.

यंदा तांब्याने मारणार, असं मी जाहीर केलं.

“लिनेटसाठी?” डेनिस.

“पोरांसाठी.”

“बरं. दाढीपण पोरांनीच करायला सांगितली का?”

मामांना ठसका लागला. या घराण्यात गंभीर बोलायची सोय नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार
ऊन. वारा नाही.

खडीच्या खाणीत जाऊन परीक्षा घेतली. दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक मांडले आणि पंधरा पावलांवरून आधी शिशाची गोळी मारली. ते पाणी जुन्या बनियनमधून गाळलं. बनियनवर राखाडी चुरा राहिला, आणि गोळीचं जेमतेम अर्धं बूड. मग तांब्याची मारली. ती चौथ्या कॅनमध्ये अख्खी सापडली. टोक उमलून चार पाकळ्या झालेल्या, पण कण सुटलेला नाही. किती वेळ हातात धरून बघत होतो.

डब्यावर लिहिलंय की गोळी बदलली तर नेम नव्याने जुळवा. डब्यावर काय, काहीही लिहितात. ही रायफल वडिलांची. तिच्यावरची दुर्बीण माझ्यापेक्षा वयाने मोठी. दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या फिरकीवर आईच्या नखरंगाचा लाल ठिपका आहे, फिरकी हलू नये म्हणून लावलेला. वडील म्हणायचे, “हा ठिपका आहे तोवर पेल्टोंना चिंता नाही.” फिरकी फिरवायची तर तो ठिपका मोडावा लागणार. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हातचं आता घरात फारसं काही उरलेलं नाही. मी काही तो मोडत नाही.

तांब्याचं फूल लिनेटला दाखवायला नेलं. कामाचं होतं, म्हणून नेलं. ती खूश झाली, आणि लगेच विचारलं, “शंभर पावलांवर कुठे लागते?”

“मारतो तिथे.”

“मारून बघितलंस?”

“रायफल माझ्या वडिलांची आहे, लिनेट.”

“कुणाची आहे ते नाही विचारलं मी. तांबं हलकं असतं. गोळीची चाल बदलते.”

मी तडक निघालो. घरी आल्यावर लक्षात आलं, टोपी तिथेच राहिली.

३ नोव्हेंबर, रविवार
ढगाळ.

टोपी आणायला गेलो. दहाला गेलो, चारला परत आलो. टोपी आणली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पाच इंच. गावातले रस्ते साफ करायला नव्या पोराला तीन तास लागले. मला दीड लागायचा.

लिनेटच्या दुकानातला दोरा परत करायला गेलो. गेल्या वर्षी आणला होता. ती म्हणाली, “दोरा परत करतात का कुणी?” दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहू नये, एवढंच माझं म्हणणं. तिच्या थंड खोलीचं दार कुरकुरतं, तेही ठीक करून आलो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
कडक थंडी. बर्फ आठ इंच. उद्या मोसम उघडणार.

कॅम्पवर आलोय. सौनाच्या वाफेत अंग शेकलं, सॉसेज खाल्ले, मामांनी नेहमीचे विनोद सांगितले आणि आम्ही नेहमीसारखे हसलो. माझा हा पन्नासावा मोसम. डेनिस शिसंच मारणार. म्हणतो, बापाने दिलेला धर्म आणि गोळी बदलत नाही. मी म्हटलं, धर्माचं तुझं फारसं कधी दिसलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
पारा उणे. आभाळ निरभ्र. वारा शून्य. याहून चांगली सकाळ मागूनही मिळाली नसती.

साडेसातला देवदारांतून नर आला. आठ टोकांची शिंगं, एकशे दहा पावलं, पूर्ण आडवा उभा. असा नर कॅलेंडरवर असतो. श्वास सोडला, बार काढला.

नराने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग पांढरी शेपटी वर केली आणि निघून गेला, घाईसुद्धा केली नाही. उतरून बघितलं. रक्त नाही, केस नाही. मागच्या भूर्जाच्या खोडात भोक होतं, धरलेल्या नेमापेक्षा चांगलं वीतभर वर, नराच्या पाठीला जेमतेम चुकवून.

वॉकी-टॉकीवर डेनिस: “काय पाडलंस रे, रेइनो?”

“कोयोट होता, कोल्ह्याएवढा. पळाला.”

पन्नास वर्षांत कधी चुकलो नाही, आणि खोटं बोलायला अर्धा सेकंद पुरला. मग मचाणावर बसून राहिलो. पाय गोठले, पण खाली उतरावंसं वाटेना. भूर्जावरचं ते भोक समोरच दिसत होतं.

तासाभराने डेनिसचा बार वाजला. त्याने सहा टोकांचा नर पाडला, शिशाने.

दुपारी कॅम्पवर जेवायला बसलो. करंजीसारख्या, मांस-बटाटा भरलेल्या पास्टी गरम होत्या, सलगम भरपूर घातलेलं. डेनिसच्या तोंडाला खळ नव्हती. “पहिलं हरीण माझं. रीत म्हणजे रीत. पातेल्यात हेच जाणार. लिनेटला म्हणावं, बाई, तांब्याने आमच्या रेइनोला कोयोटसुद्धा पडला नाही, आणि रेइनोचा नेम म्हणजे रेइनोचा नेम. संध्याकाळी गावात गेलो की सांगतोच सगळ्यांना.”

तो खरंच सांगणार होता, आणि सगळ्यांना पटणारही होतं. गावात माझ्या नेमाला मान आहे. मी ज्या गोळीने मारू शकत नाही ती गोळी उद्या कोण घेणार? लिनेट खुर्चीवर चढून कितीही ओरडली तरी लोक हसणार. मला तो एक्स-रे दिसत होता, आणि आग्रह करून वाढलेलं ते पोरगं.

“कोयोट नव्हता,” मी म्हणालो. “नर होता. आठ टोकांचा. आडवा उभा. माझा नेम चुकला.”

डेनिसच्या घशात पास्टी अडकली.

“आणि गोळीचा काही दोष नाही. मी नव्याने नेम जुळवलाच नाही. डब्यावर लिहिलं होतं, लिनेटने तोंडावर सांगितलं होतं. आईचा ठिपका मोडवेना, म्हणून मुकाट बसलो. कापा शेपूट.”

मला वाटलं, डेनिस आता नाचेल. तो नुसता बघत राहिला, कुणीतरी वारल्याची बातमी आल्यासारखा. हसले ते मामा. आधी खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. “पासष्ट वर्षं!” म्हणाले. “पासष्ट वर्षं मी हे पोटात धरून बसलोय! डेनिस, ते कॅलेंडर काढ.”

“भिंत येईल ना खाली?”

“काढ म्हणतो ना!”

डेनिसने ट्राउट मासा काढला. त्याच्यामागे हिरव्या चौकटीच्या शर्टाचं शेपूट होतं. शाई फिकी झालेली, पण वाचता येत होती. ‘व्हेर्नर पेल्टो, १९५९.’

माझे वडील.

“दुर्बीण नवी घेतली होती,” मामा सांगायला लागले. “गोळ्याही नव्या. नेम जुळवून घे म्हटलं, तर म्हणाला, पेल्टोंना त्याची गरज नाही. साठ पावलांवरची मादी चुकला, गाढव! मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. मीच कापलं ते शेपूट. मग त्याने माझे पाय धरले, म्हणाला, झाक हे, कुणाला सांगू नकोस. बदल्यात त्याचे नवे बूट दिले मला. चांगले होते बूट. सतरा वर्षं टिकले.”

“आणि ठिपका?”

“दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात नेम जुळवायला बसला. माझ्या बहिणीने घरातून नखरंगाची बाटली आणली आणि फिरकीवर थेंब सोडला. तेव्हा ती नुसती माझी बहीण होती, तुझी आई नव्हती अजून. थेंब वाळेपर्यंत तुझा बाप फिरकीकडे बघत होता की तिच्याकडे, ते मी पाहिलंय. पुढच्या जूनमध्ये लग्न.”

म्हणजे तो ठिपका वडिलांचा नेम चुकल्यावर लागला होता. जन्मभर मी उलटं समजत होतो.

मामांच्या हाताला कंप आहे, म्हणून कात्री डेनिसने धरली. वाकडंतिकडं कापलं. पाठीला गार लागलं. मामांनी जागा दाखवली, वडिलांच्या बरोबर शेजारी. कॅलेंडर चुलीत गेलं. भिंत पडली नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आम्ही तिघंही हसत सुटलो आणि हसता हसता पास्टी गार झाल्या.

डेनिसच्या नराचं काय, तर मामांनी निकाल दिला: रीत पहिल्या हरणाची आहे, पण पातेलं लिनेटचं आहे. यंदा पातेल्यात जाईल ते पहिलं तांब्याचं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
ढगाळ. तीन इंच नवा.

मी आणि डेनिस त्याचा नर घेऊन लिनेटकडे गेलो. बातमी तिला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आधी मीच सांगितली. तिचे हात कोपरापर्यंत कामात होते. मला वाटलं, आता ‘मी म्हटलं नव्हतं?’ येणार. तिने एवढंच विचारलं, “किती उंच गेली?”

“वीतभर.”

“आणि सांगितलंस? सगळ्यांना?”

“डेनिसला सांगितलं. म्हणजे सगळ्यांनाच.”

ती इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. मग डेनिसकडे वळली. त्याला म्हणाली, जखमेच्या भोवतीचं चांगलं हातभर मांस फेकून देईन, कुरकुर करायची नाही. पुढच्या भागाचा खिमा करणार नाही, मागच्या मांड्यांचे अख्खे तुकडे घे. आणि ते तूच खा, नातवंडांना देऊ नकोस. डेनिस म्हणाला, “अर्धा नर फेकलास की बाई.” पण आवाज जरा खाली होता. त्याला चार नातवंडं आहेत.

तिथून खाणीत गेलो. आधी नळी घासून जुन्या गोळ्यांचा मळ काढला. मग चाकूच्या टोकाने ठिपका मोडला. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. लाल कपची काडेपेटीत जपून ठेवलीय. शंभर पावलांवर फळी लावली, तीन बार: वीतभर उंच, चार बोटं डावीकडे. फिरकी फिरवली. पुन्हा तीन बार. तिन्ही भोकं एका कपाच्या तोंडात मावतील अशी.

डेनिस म्हणाला, “आण इकडे दोन-चार, उगाच गंमत म्हणून.” त्याच्या रायफलीतून तांबं शिशापेक्षा सरळ गेलं. म्हणाला, “आज वारा नव्हता.” घरी जाताना माझ्या डब्यातली पाच काडतुसं त्याच्या खिशात गेली. मी बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
बर्फ भुरभुर. सकाळी आठ.

चार टोकांचा नर, नव्वद पावलं, जरा तिरका उभा. एक बार. वीस पावलं धावला आणि बसला. मी टोपी काढून उभा राहिलो, वडील राहायचे तसा.

लिनेटने कातडं सोलताना गोळी सापडली, पलीकडच्या कातडीखाली अडकलेली. चार पाकळ्या, अख्खी. तिने धुतली, पुसली आणि गल्ल्याशेजारी ठेवली, लोकांना दिसावी म्हणून. मग माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, “या थंडीत असा शर्ट घालून फिरतोस? पाठ उघडी पडलीय.”

“हाच माझा कॅम्पचा शर्ट आहे.”

“काढून ठेव इथे. मोसम संपला की रविवारी न्यायला ये. आणि रायफल घेऊन ये.”

“रायफल कशाला?”

“ये म्हटलं की यायचं.”

तिचा जुना स्वेटर घालून घरी आलो. बाह्या आखूड आहेत, पण ऊब चांगली आहे. परत करायला एवढ्यात सवड होईलसं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
ऊन.

डॉक्टरीणबाईंनी नव्या खिम्याचा फोटो पाठवला. सगळा काळा. एकही कण नाही. लिनेटने दोन्ही एक्स-रे खिडकीत शेजारी शेजारी लावलेत. लोक थांबून बघतात. मी तिथे अर्धा तास उभा होतो, लोक काय म्हणतात ते ऐकायला. आतून ती मला बघून हसत होती. कशाला, ते कळलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार
चार इंच. रस्ते साफ.

दीडशे माणसं जेवली. पोरं आधी. डाव यंदाही माझ्याच हातात होता. गेल्या वर्षीचं ते पोरगं आलं, यंदा पुढचे दोन दात नाहीत. मी त्याला दोनदा वाढलं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मला बाहीने डोळे पुसावे लागले. लिनेटने माझ्या हातातून डाव घेतला आणि म्हणाली, “जा, पाणी पिऊन ये.”

डेनिसने खुर्चीवर चढून माझ्या शेपटाची कथा सांगितली. त्याच्या सांगण्यात नर बारा टोकांचा झाला होता आणि मला डोळा मारून गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, “तर मंडळी, चूक रेइनोची, गोळीची नव्हे. ज्यांना नेम जुळवायचाय त्यांनी रविवारी खाणीत या, मी शिकवीन.” तो शिकवणार! अकरा शेपटांचा धनी!

अकॉर्डियन सुरू झाल्यावर लिनेटने मला ओढलं. मी नाचत नाही. आज दोनदा नाचलो. नंतर ते मोठं पातेलं उचलायला तिला माणूस लागतोच, तिला नाराज करून कसं चालेल. मामा भिंतीला टेकून बघत होते आणि आपल्या बुटांकडे बोट दाखवून दाखवून हसत होते. म्हाताऱ्याला झालंय काय, समजत नाही.

१ डिसेंबर, रविवार

दहाला गेलो. रायफल नेली, रिकामी करून, खोक्यात घालून.

शर्ट घडी घालून टेबलावर ठेवला होता. त्याला नवं शेपूट लावलेलं, निळ्या चौकटीचं. कॉफी होती, निसू होती, रविवार असून. तिने रायफल टेबलावर आडवी ठेवायला लावली आणि कपाटातून एक छोटी बाटली काढली. लाल. नवी कोरी, सील न फोडलेली.

“फिरकी मोकळी ठेवून चालायची नाही,” ती म्हणाली. “पुन्हा हलेल.”

तिने खाली वाकून थेंब सोडला. हात अजिबात हलला नाही. तेव्हा माझं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. दहाही लाल. बावीस वर्षांत मी ते हात रंगवलेले पाहिले नाहीत. मांसाच्या धंद्यात चालतच नाही ते.

“बाटली फोडलीस कधी?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“ही आज फोडली. नखांना आणलेली दुसरी. उद्या दुकान उघडायच्या आधी पुसायचाय. आज एक दिवस.”

थेंब वाळायचा होता. मी फिरकीकडे बघायला हवं होतं. बघत नव्हतो. आणि एकदम, सत्तर मैलांच्या वेगाने, मामा, त्यांचे बूट, ते खोटं कॅलेंडर, माझी टोपी, दोरा, कुरकुरतं दार, दाढी, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी खुर्चीवर बसलो.

“मामांनी तुला सांगितलंय,” मी म्हणालो.

“मामा दर शनिवारी सॉसेज न्यायला येतात. साठ सालच्या जूनपर्यंतचं सगळं सांगून झालंय.” ती बाटलीचं झाकण लावत होती. कान लाल झाले होते, पण हसत होती. “मी मोसम उघडायच्या आधीपासून वाट बघतेय, पेल्टो. तुझा नेम एवढा चांगला म्हणतात, आणि समोरचं दिसत नाही तुला.”

मी तिचा हात धरला. नखं अजून ओली असतील म्हणून जपून, बोटांच्या मुळाशी. ती म्हणाली, वाळलीत, नीट धर.

चारच्याऐवजी सातला घरी आलो. आईच्या कपचीची काडेपेटी खिडकीत ठेवलीय, तिला दिसेल अशी. रायफल कपाटात आहे, नवा ठिपका लावून. शर्ट अंगात आहे, काढावासा वाटत नाही.

वही मिटताना लक्षात आलं, चौतीस वर्षांत पहिल्यांदा हवामान लिहायचं राहिलं. बर्फ पडत होता बहुतेक.